जुन्या पिकअपचे ब्रेक सुधारताना या चुका टाळा

इंदूरच्या देवास नाक्याजवळ गेली सव्वीस वर्षे मी लहान मालवाहू गाड्यांचे काम करतो. पंधरा-वीस वर्षे राबलेली पिकअप घेऊन येणाऱ्या मालकांची हल्ली एकच मागणी असते: पुढचे ड्रम काढून डिस्क बसवून द्या. बहुतेकांनी भागांचा डबा आधीच विकत घेतलेला असतो. त्या डब्यात दोन डिस्क, दोन कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारे भाग), पॅड आणि ब्रॅकेट असतात. पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा मास्टर सिलिंडर, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आणि मागच्या चाकांना मिळणारा दाब यांचा विचार मात्र डबा विकणाऱ्यानेही केलेला नसतो आणि घेणाऱ्यानेही. संध्याकाळपर्यंत गाडी हवी, उद्या पहाटे मंडीत लावायची आहे, असेही वर सांगितले जाते. अशा घाईच्या कामाला मी आता सरळ नकार देतो, कारण त्या घाईचा शेवट मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

पुढे डिस्क, मागे जुनाच हिशेब

२०१३ च्या जुलै महिन्यात माझ्या एका जुन्या ग्राहकाची पिकअप चोइथराम मंडीतून बटाटे भरून खंडव्याकडे निघाली होती. पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचे काम त्यांनी दुसरीकडून नुकतेच करून घेतले होते. त्याच सुमारास, गाडी मागे बसू नये म्हणून, मागच्या कमानीत (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन पट्टे वाढवले होते. सिमरोल ओलांडून भेरूघाटाचा निम्मा उतार संपतो न संपतो तोच पेडल मऊ पडले आणि पुढच्या वळणावर ते थेट पाटीला टेकले. चालकाने प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि डोंगराच्या बाजूच्या दगडी नालीत चाक घासत ती थांबवली. माणसे वाचली, बटाट्यांची पोती रस्त्यावर पसरली, पुढचा अॅक्सल वाकला.

तासाभराने मी तिथे पोहोचलो. पुढच्या दोन्ही डिस्क निळ्या पडल्या होत्या, पॅडच्या कडा जळून भुसभुशीत झाल्या होत्या आणि पाऊस असूनही जवळ जाताच तीव्र वास येत होता. मग मी मागच्या ड्रमवर हात ठेवला. तो थंड होता. अडीच टनांची भरलेली गाडी घाट उतरून आली होती आणि तिच्या मागच्या ब्रेकने जवळजवळ काहीच काम केले नव्हते.

गाडीखाली वाकल्यावर कारण समोरच दिसले. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलच्या वर, चॅसीला, भाराप्रमाणे दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडी वर सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की चॅसी उंच राहते, दांडी खाली राहते आणि मागचा दाब कमी होतो, जेणेकरून हलकी मागची चाके जाम होऊन गाडी फिरू नये. या गाडीत दोन पट्टे वाढल्यामुळे पूर्ण भार घेऊनही चॅसी बसलीच नव्हती. व्हॉल्व्हच्या दृष्टीने गाडी रिकामीच होती. सगळा भार पुढच्या नव्या डिस्कवर आला आणि त्या तापल्या.

किती तापल्या असतील, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अडीच टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवताना ब्रेकना सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी ३०० मीटर उंची उतरली, तर सुमारे ७,३५० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. इंजिनाने काही भार उचलला नाही, तर मधे थंड होण्याची संधी न देता वीस-एकवीस वेळा गाडी थांबवण्याइतके हे काम होते. त्यात ब्रेक ऑइल जुने असेल तर ते कॅलिपरमध्येच उकळते. वाफ दाबली जाते, पण ती दाब पुढे पोहोचवत नाही, आणि म्हणून पेडल पाटीला टेकते.

यावर बाजारात सर्रास केला जाणारा उपाय मूळ चुकीइतकाच वाईट आहे. व्हॉल्व्ह काढून टाकतात आणि त्या जागी साधा जोड घालून पाइप सरळ जोडतात. मग भरलेली गाडी बरी थांबते, पण माल उतरवून परतताना पहिल्या पावसात मागची चाके जाम होऊन शेपूट फिरते. माझी पद्धत अशी आहे की पट्टे वाढवलेली गाडी आली तर आधी पट्ट्यांचे बोलायचे, डिस्कचे नंतर. पट्टे काढायचे नसतील तर त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे व्हॉल्व्हची दांडी पुन्हा बसवायची आणि मागच्या पाइपला गेज लावून रिकाम्या व भरलेल्या गाडीचा दाब प्रत्यक्ष मोजायचा. दांडी अंदाजाने वाकवून देणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती माझी स्वतःची गाडी मी देणार नाही.

मास्टर सिलिंडर आणि बूस्टर

ड्रमसाठी बनवलेल्या अनेक मास्टर सिलिंडरांच्या तोंडाशी एक लहानशी झडप असते. पेडल सोडल्यावरही ती पाइपमध्ये थोडा दाब राखून ठेवते. ड्रममध्ये ओढणारी स्प्रिंग असल्यामुळे तो दाब निरुपद्रवी ठरतो. कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नसते, त्यामुळे त्याच दाबाने पॅड डिस्कला सतत घासत राहतात. गाडी ओढत नाही, डिझेल जास्त खाते आणि चाक तापते अशी तक्रार घेऊन मालक येतो, आणि बिचाऱ्याची बेअरिंगे विनाकारण बदलली जातात.

दुसरा प्रश्न व्यासाचा आहे. कॅलिपरच्या पिस्टनला ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा बरेच जास्त ऑइल लागते, म्हणून जुन्या मास्टरवर पेडल खोल जाते. ते पाहून लोक मोठा मास्टर बसवतात. पाऊण इंचाचा काढून एक इंचाचा बसवला की पेडल वर येते खरे, पण पायाचा जोर तेवढाच असेल तर दाब सोळातले नऊ भाग उरतो. पेडल घट्ट लागते म्हणून मालक खूश होतो आणि गाडी मात्र आधीपेक्षा उशिरा थांबते. शिवाय ड्रममधला पुढचा शू (ड्रमला आतून घासणारा अर्धगोल भाग) फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आत ओढला जातो, ती मदत डिस्कमध्ये मिळत नाही. म्हणून डिस्कला बूस्टर हवाच.

बूस्टरला व्हॅक्यूम लागतो आणि डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) तो मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीमागे. पेट्रोल गाडीवर केलेले काम पाहून आलेले नवशिके मॅनिफोल्डला नळी जोडून मोकळे होतात. बूस्टर चालतो की नाही हे पाहायला एक मिनिट पुरते: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, दाबूनच ठेवावे आणि इंजिन चालू करावे. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. ते गेले नाही तर गाडी गॅरेजबाहेर काढू नये. बूस्टरच्या दांडीची लांबीही तपासावी. ती किंचित जरी जास्त झाली तरी मास्टरमधले ऑइल परतण्याचे भोक झाकले जाते, आणि चालवता चालवता ब्रेक स्वतःच आवळत जातो.

‘ऑइल’ या शब्दाने केलेला घात

ज्याला आपण सगळे ब्रेक ऑइल म्हणतो, ते मुळात तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकोल जातीचे द्रव आहेत आणि ब्रेकच्या रबरी किटचे रबर त्यांनाच सोसते. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, ग्रीस हे सगळे त्या रबराचे शत्रू आहेत. तरीही आपल्याकडे कोणताही सुटा भाग डिझेलच्या तसराळ्यात बुडवून ब्रशने घासण्याची सवय हाडीमासी भिनलेली आहे.

माझ्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने नेमके तेच केले होते. मास्टर सिलिंडर त्याने मन लावून स्वच्छ केला, डिझेलने धुतला, कापडाने पुसला आणि नवे किट बसवले. गाडी गेली. पाचव्या दिवशी ती चारही चाके आवळलेल्या अवस्थेत ओढून आणावी लागली. मास्टर उघडला तेव्हा रबरी कप हाताच्या बोटांनी निघेना. तो कसाबसा काढून मी नव्या कपाशेजारी ठेवला. नव्याची कडा धारदार आणि सुबक होती; फुगलेल्याची कडा ओठासारखी जाड झाली होती आणि नखाने दाबल्यावर खळगा तसाच राहत होता. तो कप मी दिवसभर टेबलावर ठेवला. संध्याकाळी तो मुलगा स्वतःहून म्हणाला, “काका, यापुढे डिझेलचे भांडे ब्रेकच्या टेबलाजवळ आणणार नाही.” आज तो स्वतःचे गॅरेज चालवतो.

अशी चूक झाली तर केवळ मास्टरचे किट बदलून भागत नाही. त्या ऑइलने ओला झालेला प्रत्येक रबरी भाग, म्हणजे मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर आणि होज पाइप, बदलावा लागतो आणि लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे करावे लागतात. खर्च ऐकून मालक वाद घालतात. मी या बाबतीत तडजोड करत नाही. भाग धुण्यासाठी मी ताजे ब्रेक ऑइलच वापरतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, हेही विसरले जाते. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. डिस्क बसवलेल्या, घाटात जाणाऱ्या गाडीला मी डॉट ४ घालतो, अर्ध्या लिटरचे बंद डबे घेतो आणि फोडलेला डबा पुढच्या गाडीसाठी जपून ठेवत नाही. डॉट ५ हे नाव पुढच्या आकड्याचे असले तरी तो सिलिकोनचा द्रव आहे आणि तो या दोन्हींत मिसळायचा नसतो.

हवा काढताना आणि जोडताना

कॅलिपर डावे-उजवे उलटे बसू शकतात आणि सगळे बोल्ट नीट लागतात. मग हवा काढण्याचे निपल खालच्या बाजूला येते, हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि माणूस दोन लिटर ऑइल घालूनही पेडल मऊच का, याचा शोध घेत बसतो. निपल नेहमी वर असले पाहिजे.

हवा काढताना जुन्या मास्टरचे पेडल तळापर्यंत दाबू नये. ज्या भागात पिस्टन वर्षानुवर्षे गेलेला नाही तिथे गंज असतो आणि तो नव्या कपाची कडा फाडतो. मी पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवतो. मागच्या ड्रमचे शू आधी जुळवून घ्यावेत आणि मगच हवा काढावी. हा क्रम उलटा करणाऱ्यांना पेडल कधीच वर मिळत नाही. सुरुवात मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करावी.

कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि चाक पूर्ण खाली लोंबू देऊन तो कुठे ताणला जातो का किंवा घासतो का, हे पाहावे. तांब्याचे वायसर नवेच घ्यावेत. फुटलेल्या ब्रेक पाइपला पितळेचे वेल्डिंग करू नये आणि त्याचे काम साध्या तांब्याच्या नळीवर भागवू नये. दुहेरी भिंतीचा पोलादी पाइप आणि दुहेरी फ्लेअर (पाइपच्या टोकाची दुमडलेली कडा), याला पर्याय नाही. डिस्कवर आणि ड्रमवर मर्यादेचे माप कोरलेले असते, ते वाचावे. ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या नळीने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ऍस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसावे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यावर निर्बंध आहेत. म्हणून त्याच मॉडेलच्या नंतरच्या आवृत्तीचे, कंपनीने स्वतः बसवलेले भाग मिळत असतील तर तेच घ्यावेत, आणि काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनी या दोघांना विचारून घ्यावे.

पहिले दोनशे किलोमीटर

नवे पॅड बसवून त्याच दिवशी माल भरणे, ही घाईची शेवटची पायरी. पॅड आणि डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांवर बसायला वेळ लागतो. मी पहाटे साडेपाचच्या सुमारास, रस्ता मोकळा असताना, रिकामी गाडी सुपर कॉरिडॉरवर नेतो. ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवायचा, गाडी पूर्ण थांबवायची नाही, मग अर्धा किलोमीटर ब्रेक न लावता चालवून चाके थंड होऊ द्यायची; असे पंधरा-वीस वेळा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिले तर पॅडचा ठसा त्या एका जागी उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरते.

परतल्यावर तापमान मोजणारी गन चारही चाकांवर धरतो आणि आकडे वहीत लिहितो. डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक असेल, किंवा मागची चाके त्या दिवशीच्या भेरूघाटातल्या ड्रमसारखी थंड असतील, तर गाडी पुन्हा घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढते, मालक कितीही वेळा फोन करो. सगळे ठीक असेल तर किल्ली देतो, पहिले दोनशे किलोमीटर निम्माच माल भरण्याची अट घालतो, आणि त्यानंतर चाकांचे नट व ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी तपासायला गाडी परत बोलावतो. ती तपासणी मी फुकट करतो.