नवीन आणलेलं मांजर लिटर बॉक्स सोडून भलतीकडेच जातंय? रागावण्याआधी हे बघा

चिंगी आमच्याकडे आली ती एका कापसाच्या जिनिंगमधून, वर्षभराची असेल, तिथेच जन्मलेली. मी हौसेने शू-शीसाठी नवा ट्रे आणला, त्यात भरायची वाळूसारखी माती, म्हणजे लिटर, ऑनलाइन मागवलं, वाटलं आता काय, मांजर आपोआप शिकतं असं सगळेच म्हणतात. तिने ट्रेमध्ये एक पाय टाकला, तो वर धरून दोनदा झटकला आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पलंगावर चढली. पुढच्या पायांनी गादी खरवडली, वळून वास घेतला आणि बसली. मी पोचेपर्यंत शू गादीत मुरलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या गोधडीवर.

घरात सगळ्यांचं एकच, ही मुद्दाम करतेय, दोन फटके द्या हिला. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आता तर खात्री आहे, मांजर राग काढायला किंवा बदला घ्यायला शू करत नाही. तिला काहीतरी दुखत असतं, किंवा डबा आवडलेला नसतो, किंवा घरात भीती वाटत असते, नाहीतर तिला लहानपणापासून दुसऱ्याच कशाची सवय असते. ह्यातलं नेमकं काय ते शोधायचं, आणि ह्याच क्रमाने शोधायचं, कारण मी क्रम न पाळता सुरुवात केली आणि महिना घालवला.

पहिले काही दिवस एकच खोली

नवीन मांजर आणलं की पूर्ण घर मोकळं देऊ नका. एक छोटी खोली द्या, एका कोपऱ्यात डबा, लांबच्या कोपऱ्यात खाणं-पाणी, आणि लपायला एक खोकं. अडॉप्ट करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो, भीती कमी व्हायला 3 दिवस, घराची सवय व्हायला 3 आठवडे आणि घर आपलं वाटायला 3 महिने. प्रत्येक मांजराचं वेगळं असतं पण अंदाज येतो. ह्या दिवसात काही मांजरं लिटरच्या डब्यातच जाऊन बसतात किंवा झोपतात, लोक घाबरून जातात, पण बऱ्याचदा त्याचं कारण एवढंच की अख्ख्या अनोळखी घरात स्वतःचा वास फक्त तिथेच येतो. लपायला खोकं दिलं, त्यात जुनं फडकं टाकलं की ते सुटतं. खोकं देऊनही डब्यातून उठत नसेल, खात नसेल, तर मात्र आजारपण धरा.

पहिला दिवसभर शू केली नाही म्हणूनही लगेच धावपळ नको, पण 24 तास उलटले आणि एक थेंब नाही तर डॉक्टरांना फोन करा. आणि बोका असेल तर एवढीही वाट बघू नका, ते खाली सांगते.

कॅलेंडरवर लिहा

दुधाचा हिशोब जिथे लिहितो त्याच चौकटीत लिहायचं, शू किती वेळा, शी किती वेळा, कुठे केली, त्याच्या आधी घरात काय झालं होतं. मोठ्या मांजराची शू साधारण दिवसाला 2 ते 4 वेळा होते आणि शी एखाद वेळा. शू पडली की गोळे होणारं लिटर वापरलं तर मोजणं अगदी सोपं जातं, सकाळी चाळताना गोळे मोजा आणि साईझ बघा. रोज लिंबाएवढे दोन-तीन गोळे निघायचे आणि अचानक बोराएवढे सात-आठ निघाले तर ती मस्ती करत नाहीये, तिला शू होताना त्रास होतोय. उलट गोळे एकदम मोठमोठे व्हायला लागले, पाणी पण फार प्यायला लागली तर किडनी किंवा शुगर तपासून घ्यायची.

आधी आजारपण, बाकी सगळं नंतर

हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतेय. डब्यात जाऊन खूप वेळ बसणं, कुंथणं, ओरडणं, शू मध्ये लालसरपणा, खालची जागा सारखी चाटत राहणं, किंवा मोरीत, बाथरूमच्या गार फरशीवर जाऊन थेंब थेंब करणं, ही सगळी मूत्रमार्गाच्या त्रासाची लक्षणं असू शकतात. डब्यात बसलं की दुखतं, मग ती डब्यालाच घाबरते आणि दुसरी जागा शोधते, तिच्या डोक्यात दुखणं आणि डबा एकत्र होऊन बसतं.

आणि बोका असेल तर अजून जपा. नराची मूत्रनळी फार बारीक असते, खडे किंवा चिकट पदार्थ अडकला की शू पूर्ण बंद होते, आणि असा बोका एक-दोन दिवसात दगावू शकतो. सारखा डब्यात जातोय, काही येत नाहीये, उलट्या करतोय, पोट हात लावू देत नाहीये, तर रात्र असो की आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) सण, थांबायचं नाही. आपल्याकडे खान्देशात तालुक्याला बरेच डॉक्टर गाई-म्हशींचे, म्हणून मांजर घरी यायच्या आधीच चौकशी करून ठेवा की अमळनेर, चोपड्याकडून जळगाव किंवा धुळ्याला मांजर बघणारं कोण आहे, बोक्याला कॅथेटर (अडकलेली शू मोकळी करायची नळी) घालता येतं का, आणि नंबर सेव्ह करून ठेवा. घरातली माणसांची गोळी अजिबात देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणी आहे.

दुसरं म्हणजे जुलाब. आपल्याकडे मांजर आलं की दूध-पोळी ठरलेली, प्रेमानेच देतात, पण मोठं झाल्यावर बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं आणि डब्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेतच होतं. दूध बंद करा, जुनं खाणं हळूहळू बदला, आणि बाहेरून आलेल्या मांजराला जंताचं औषध डॉक्टरांना वजन सांगून द्या. शेपटीखाली किंवा शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर ते पट्टकृमी.

आणि पाणी. मांजरं मुळात आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातल्या रानमांजरांपासून आलेली, त्यांना तहान कमी लागते आणि शू घट्ट असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा हे महागात पडतं. घरात तीन-चार ठिकाणी रुंद भांड्यात पाणी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून लांब, दिवसातून दोनदा बदला. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवू नका, उकडलेलं बिनमिठाचं चिकन असेल तर त्याचं पाणी पण ओता, किंवा पाऊचमधलं ओलं खाणं द्या.

मग डबा

दुकानात मिळणारे बरेच ट्रे लहान असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जेवढी लांबी त्याच्या दीडपट डबा हवा, तिला आत पूर्ण गोल फिरता आलं पाहिजे. खरं सांगू, बांधकामाचं मोठं प्लास्टिकचं घमेलं किंवा कपडे धुवायचा उथळ टब घ्या, स्वस्त आणि मस्त. पिल्लू असेल तर कड चार बोटांपेक्षा उंच नको. झाकणवाला डबा आपल्याला बरा वाटतो पण आत वास कोंडतो आणि नवीन मांजराला त्यात अडकल्यासारखं होतं, सुरुवातीला उघडाच ठेवा.

मांजराचं अर्धं शरीर आत आणि शी बाहेर, असं होत असेल तर डबा लहान आहे. काठावर चारी पाय ठेवून तोल सांभाळत बसतेय तर लिटर पायाला टोचतंय किंवा घाण आहे. लिटर सोडून भिंत, डब्याची कड, बाजूची फरशी खरवडतेय तर एकतर लिटर कमी आहे नाहीतर तिला त्यात पाय घालायचा नाहीये. काही मांजरं शी झाकतच नाहीत, तेवढ्या एका गोष्टीचं टेन्शन घेऊ नका. शी झाल्यावर घरभर सुसाट पळणं पण नॉर्मल, फक्त ओरडत पळत असेल किंवा शी कडक खड्यासारखी असेल तर बद्धकोष्ठ बघा. लिटर खात असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, रक्त कमी असल्यावर असं करतात, आणि अगदी लहान पिल्लं सगळंच तोंडात घालतात म्हणून त्यांना गोळे होणारं लिटर देऊ नये.

किती डबे? जितकी मांजरं त्याहून एक जास्त. एका मांजराला दोन, हो खरंच दोन, कारण काहींना शू एकात आणि शी दुसऱ्यात हवी असते. आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर ते तिच्यासाठी एकच. वॉशिंग मशीन, कूलर, पाण्याची मोटर ह्यांच्याजवळ डबा नको. आमचा पहिला ट्रे नेमका कूलरच्या मागे होता, कूलर सुरू झाला की चिंगी उडी मारून पळायची आणि मला वाटायचं तिला ट्रे कळत नाहीये.

लिटर दोन-तीन इंच भरायचं. बेंटोनाइटचं बारीक, बिनवासाचं बहुतेक मांजरांना चालतं, ती माती आपल्याच बाजूला गुजरातमध्ये कच्छकडे निघते. सुगंधी नको, आपल्याला गुलाब वाटतो तो तिच्या नाकाला फार होतो. महाग वाटत असेल तर नदीची वाळू बारीक चाळून, उन्हात दोन-तीन दिवस वाळवून वापरा, गल्लीत बांधकामाची वाळू पडली की सगळी मांजरं तिथेच जातात ते बघितलंच असेल. चुलीची राख काही जण टाकतात, मी नाही टाकत, धुरळा नाकात जातो आणि पाय चाटताना पोटात जाते. रोज दोन वेळा चाळा, आठ-पंधरा दिवसांनी डबा साध्या साबणाने धुवा. घरात कोणी गरोदर असेल तर डबा दुसऱ्याने साफ करायचा, आणि रोजच, कारण पोटातल्या बाळाला धोका असलेल्या टॉक्सोप्लाझ्मा ह्या परजीवीची अंडी शीमधून पडल्यावर एक ते पाच दिवसांनी बाधायला लागतात.

बाहेर केलेलं कसं धुवायचं

फिनाईल वापरू नका. काळं, पांढरं, कुठलंच नाही. त्यातल्या फिनॉलसारख्या गोष्टी मांजराच्या लिव्हरला बाहेर टाकता येत नाहीत, फरशीवरून चालली, पाय चाटले की विष पोटात. अमोनियावालं पण नको, त्याचा वास शू सारखाच येतो आणि ती परत तिथेच बसते. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग एन्झाइमवालं क्लीनर मिळालं तर सगळ्यात चांगलं, नाहीतर पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं, आणि मग ऊन, आपल्याकडचं ऊन ह्या कामाला फार उपयोगी आहे. आणि तिचं नाक त्या शू मध्ये घासू नका हो. ती फक्त एवढंच शिकते की माणूस जवळ आलं की पळायचं आणि पुढची शू लपून पलंगाखाली करायची.

शू नाही, फवारा असेल तर

मांजर उभं राहून, शेपटी ताठ करून थरथरवत भिंतीवर, कपाटावर, दाराच्या चौकटीवर थोडीशी मारत असेल तर ती हद्दीची खूण आहे, लिटर बदलून काही होत नाही. नसबंदी करून घ्या, पाच-सहा महिन्यांचं झालं की करता येते, आणि बहुतेक बोक्यांचं हे नंतर थांबतं. खिडकीत बाहेरचा बोका येऊन बसत असेल तर ती खिडकी काही दिवस झाका.

पाहुणे आले की

आमचं सुरळीत सुरू झालेलं आखाजीला पुन्हा बिघडलं. दोन्ही नणंदा माहेरी आल्या, पोरंसोरं, अंगणात झोका, आणि चिंगीच्या डब्याच्या खोलीत सगळ्यांच्या बॅगा. ती दोन दिवस माळ्यावर, आणि शू बॅगेवर. टेन्शनमुळे मांजरांचं मूत्राशय खरोखर सुजतं, जंतू नसतानाही, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. सण यायच्या आधी तिला एक बंद होणारी खोली ठरवून द्या, डबा-पाणी तिथे, आणि पोरांना सांगून ठेवा की तिथे जायचं नाही. कान्हबाईच्या सणाला मी हेच केलं, घरात तीस माणसं जेवून गेली आणि एकदाही बाहेर झालं नाही.

आणि सवय

डॉक्टरांनी तपासलं, शू स्वच्छ होती. घमेलं आणलं, जागा बदलली, ट्रेमध्ये जायला लागली पण तीन दिवसातून एकदा तरी गादीच. शेजारच्या आजी गोधडी वाळत घालताना मला म्हणाल्या, "ती कापूसमा वाढेल शे व माय, तिले तेच लागस." माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. पिल्लू पहिल्या काही आठवड्यात पायाखाली जे लागतं तेच शू ची जागा म्हणून धरतं, बागेतलं मांजर तुळशीची कुंडी शोधतं, आणि जिनिंगमधलं मांजर कापसाची गादी.

मग मी दुसऱ्या घमेल्यात लिटरवर जुन्या उशीतला कापूस पातळ पसरला. त्याच संध्याकाळी गेली त्यात. रोज नवा कापूस, दर चार-पाच दिवसांनी मूठभर कमी, आणि खालचं लिटर अगदी बारीक वाळूसारखं. जवळजवळ दोन महिने लागले. तुमचं मांजर कुंडीत जात असेल तर लिटरमध्ये अर्धी माती मिसळून हेच करा, दर आठवड्याला माती कमी, आणि कुंडीत मोठे गोटे ठेवा म्हणजे खरवडता येणार नाही. मध्येच घाई करून एकदम बदललंत तर पुन्हा पहिल्यापासून. डबा हलवायचा असेल तरी तसंच, रोज हातभर.

मागच्या दिवाळीत गाद्या पिंजून नव्याने भरून आणल्या. चिंगी वास घेत दारात येऊन बसली, आत बघत. आम्ही पंधरा दिवस त्या खोलीचं दार लावून घेतलं आणि घमेल्यात मूठभर कापूस परत टाकला.