विडंबनपट करायचाय? आधी मूळ सिनेमा पाठ करा

गाजलेल्या सिनेमाची नक्कल करणारी छोटी फिल्म सगळ्यात सोपी, असं समजून बरीच मुलं या कामात उतरतात. हातात मोबाइल असतो, चार मित्र असतात, कुणाच्या तरी घराची गच्ची असते आणि डायलॉग तर सगळ्यांना पाठच असतात. शूटिंगच्या दिवशी सगळे पोट धरून हसतात. एडिट झालेली फिल्म बघताना मात्र कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मी नाशिकला एडिटिंग करते आणि या कामातलं माझं पहिलं शिक्षण अशाच फिल्म लिहिण्या-कापण्यातून झालं. नव्या मुलांचं फुटेज माझ्याकडे येतं तेव्हा दुखणं बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं. त्यांनी मूळ सिनेमा मन लावून बघितलेला नसतो. डायलॉग आठवतात, पण शॉट आठवत नाहीत.

आपल्याकडे विडंबनाची परंपरा मोठी आहे. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला 'झेंडूची फुले' हा संग्रह १९२५ सालचा. रविकिरण मंडळातल्या कवींची त्यात भरपूर थट्टा आहे, पण वृत्त कुठेही ढळलेलं नाही. ज्याची थट्टा करायची त्याची लय, त्याचे लाडके शब्द, ओळ संपवायची त्याची पद्धत हे सगळं अत्र्यांनी बिनचूक उचललं, आणि मगच त्यात भलताच विषय भरला. सिनेमाचं विडंबन करणाऱ्याने हे पुस्तक जरूर वाचावं. सिनेमालाही वृत्त असतं. कोणत्या शॉटनंतर कोणता शॉट येतो, कॅमेरा किती खाली आहे, पात्र बोलण्याआधी किती थांबतं, पार्श्वसंगीत कुठे बंद होतं, हे ते वृत्त. ते सांभाळलंत तर आतला मजकूर तुम्ही कितीही बदला, प्रेक्षक बरोबर येतो.

आणि हे सगळं कमी पैशात कसं होतं ते बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० सालच्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला. खर्च ५० हजार रुपयांच्या आसपास. मूळ 'शोले' १९७५ चा, ७० एमएमच्या पडद्यावरचा, त्या काळातला प्रचंड खर्चाचा सिनेमा. त्याच्यासमोर मालेगावचे कलाकार म्हणजे गावातलीच कामकरी माणसं. ट्रॉलीच्या जागी सायकल आणि क्रेनच्या जागी बैलगाडी. पुढे त्यांनी सुपरमॅनही मालेगावात आणला. अंगाने काडी असलेला एक यंत्रमाग कामगार, शफिक शेख, सुपरमॅन झाला. हिरव्या कापडासमोर त्याला आडवं धरून आभाळात उडवलं. या शूटिंगवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, तो आपल्या थिएटरांत लागायला २०१२ उजाडलं. रीमा कागती यांचा या सगळ्या मंडळींवरचा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये आला. दोन्ही बघा, पण माहितीपट आधी बघा, आणि वही घेऊन बसा.

मालेगावकडून शिकायची खरी गोष्ट जुगाडाच्या पलीकडची आहे. तिथला सुपरमॅन तंबाखू आणि घाणीशी लढतो, म्हणजे गावाला जे खरोखर छळतं त्याच्याशी. परदेशातला हा नायक उद्या आपल्या गल्लीत उतरला तर त्याच्यापुढे कोणतं संकट येईल, हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारला. नुसता वेश चढवून तेच डायलॉग आपल्या बोलीत म्हटले तर ते गॅदरिंगमधलं स्किट होतं. प्रश्न विचारला की कथा सुचते.

आता कामाला लागू. एक सिनेमा निवडा आणि त्यातला तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. अख्ख्या सिनेमाचं विडंबन दहा मिनिटांत बसवायचा मोह होतो, तो टाळा. तो प्रसंग आधी आवाज बंद करून बघा. प्रत्येक शॉटचा कच्चा स्केच वहीत काढा आणि शेजारी सेकंद लिहा. मग पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐका. हे कंटाळवाणं वाटेल, पण इथेच अर्धी फिल्म होते. नायकाची एन्ट्री आपल्याला 'धडाकेबाज' अशी एकगठ्ठा आठवते. कागदावर उतरवली की कळतं, त्याचा चेहरा फार उशिरा दिसतो. आधी बूट, मग मनगट, मग पाठमोरी मान, मधेमधे गर्दीचे चेहरे, आणि अगदी शेवटी तो.

अशीच एक एन्ट्री आम्ही केली होती, ती सविस्तर सांगते. दक्षिणेकडच्या डब केलेल्या ॲक्शनपटांत गाव संकटात असतं, सगळे हताश होऊन उभे असतात आणि जीपमधून नायक उतरतो. आम्ही विचार केला, आमच्या भागातलं गाव असं डोळे लावून कुणाची वाट बघतं? वायरमनची! डीपी, म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळालेली, कांद्याला पाणी नाही, रात्री सगळीकडे अंधार. मग जीपच्या जागी मोटारसायकल आली, कुऱ्हाडीच्या जागी पक्कड आली आणि बाह्या सरसावण्याच्या जागी रबरी हातमोजे चढवणं आलं. शॉटचा क्रम आणि प्रत्येक शॉटची लांबी मात्र मुळातली. धुळीसाठी बारीक चाळलेली माती, आणि ती उडवायला जाळ्या काढलेल्या कूलरचा पंखा. खांबावर चढायचा शॉट शिडीवर उभं राहून, खालून आभाळाकडे कॅमेरा लावून घेतला. खऱ्या खांबाला, तारेला किंवा डीपीला कुणीही हात लावायचा नाही, हे आधीच ठरवा आणि एक माणूस फक्त त्यावर लक्ष ठेवायला उभा करा.

त्या फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट गर्दीतल्या एका आजीचा आहे. गावातल्याच होत्या, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच आलेल्या. मी त्यांना एवढंच सांगितलं, "आजी, तिकडे रस्त्याकडे बघा. आठ दिवसांनी वायरमन आलाय." त्या वळल्या आणि म्हणाल्या, "खरंच आला का गं?" त्या वेळी चेहऱ्यावर जी आशा उमटली, तीच ठेवली. प्रेक्षक त्या शॉटला सगळ्यात जास्त हसतात आणि थोडे गलबलतातही. म्हणून नटांना माझी पहिली सूचना ही असते: तुम्ही विनोदी फिल्ममध्ये आहात हे विसरा. तुमचं पात्र मूळ सिनेमातल्या पात्राइतकंच गंभीर आहे. डोळा मारणं, ओठ दाबून हसू आवरणं, वाकडंतिकडं तोंड करणं हे कॅमेऱ्याला लगेच दिसतं आणि प्रसंगातली हवा जाते. पक्कड उचलणाऱ्याने ती तलवारीसारखीच उचलायला हवी.

साधनांचं थोडं. चांगला मोबाइल आणि ट्रायपॉड एवढ्यावर पुष्कळ भागतं. पण मोबाइल ऑटोवर ठेवू नका, मॅन्युअल मोड देणारं ॲप वापरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली सेकंदाला २५ फ्रेम्सवर शूट करताना शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे फिरतात. विडंबनात स्लो मोशन हमखास लागतं. १२० किंवा २४० फ्रेम्सचं शूटिंग खोलीतल्या दिव्यांत करू नका. तिथे उजेड कमी पडतो आणि चित्र लुकलुकतं. ते उन्हातच घ्या. चार वाजल्यानंतरचं ऊन आणि समोरून थर्माकोलची पांढरी शीट, एवढ्यावर चेहरा झकास उजळतो.

क्रोमा, म्हणजे हिरव्या कापडासमोर शूट करून एडिटमध्ये मागे दुसरं दृश्य लावणं, करायचा असेल तर चमक नसलेलं हिरवं सुती कापड घ्या, इस्त्री करा आणि ताणून बांधा. कापडावर वेगळा, सगळीकडे सारखा उजेड पाडा. नट कापडापासून निदान सहा-सात फूट पुढे हवा, नाहीतर हिरवी झाक त्याच्या कानावर आणि केसांवर येते आणि एडिटमध्ये ती काढता काढता रात्र जाते. उडवायचा असेल तर स्टूलवर तेच कापड गुंडाळून त्याला पोटावर आडवा करा, पंखा समोरून लावा. आणि हो, वेशभूषेत हिरवा रंग नको.

आवाजाकडे मात्र सगळ्यांत जास्त लक्ष द्या. चित्र ओबडधोबड असलं तर विडंबनात प्रेक्षक चालवून घेतो, काही वेळा त्यातच गंमत असते. संवाद ऐकू आला नाही तर विनोद मेला. वायरचा कॉलर माइक स्वस्तात मिळतो. तो दुसऱ्या मोबाइलला जोडा, मोबाइल नटाच्या खिशात ठेवा आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, म्हणजे एडिटमध्ये आवाज आणि चित्र जुळवता येतं. जागा गोंगाटाची असेल तर सरळ डबिंग करा. गाद्या आणि गोधड्या भरलेली खोली त्यासाठी उत्तम. हाणामारीचे आवाज घरीच होतात. उशीवर चामडी पट्टा मारला की ठोसा होतो, माइकजवळ शेवग्याची ओली शेंग मोडली की हाड मोडतं. आवाज मूळ सिनेमाइतका भव्य ठेवा. चित्र लहान आणि आवाज मोठा, या तफावतीवर पुष्कळ हशा मिळतो.

पैशांचं म्हणाल तर पहिला खर्च जेवणाचा धरा. फुकट काम करणाऱ्या माणसाला वेळेवर चहा-नाश्ता आणि दुपारचं पोटभर जेवण मिळालंच पाहिजे. त्यात काटकसर करणाऱ्यांच्या दुसऱ्या फिल्मला माणसं येत नाहीत. दुसरा खर्च हार्ड डिस्कचा. फुटेज त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी उतरवून ठेवा. कपडे, सामान, जागा हे ओळखीने आणि विनंतीने जमतं. एसटी स्टँडवर शूटिंग करायचं तर आगारात लेखी परवानगी मागा, रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊच नका. रस्त्यावर खेळण्यातली बंदूक बाहेर काढण्याआधी पोलीस चौकीत कल्पना द्या, कारण लांबून बघणाऱ्याला ती खरीच वाटते.

कायद्याचं नीट समजून घ्या, कारण यावर मुलं ऐकीव माहितीवर चालतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला नाव घेऊन सूट दिलेली नाही. कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षा यांसाठी 'फेअर डीलिंग'ची, म्हणजे रास्त वापराची, सवलत आहे, आणि केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या प्रकरणात ती उदारपणे लावली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद प्रकरणात सांगितलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती कल्पना ज्या प्रकारे मांडली त्या मांडणीवर असतो. व्यवहारात याचा अर्थ असा की मूळ सिनेमाची क्लिप, पोस्टर किंवा साउंडट्रॅक उचलू नका, सगळं स्वतः शूट करा आणि त्यात स्वतःचं म्हणणं असू द्या. यूट्यूबची कॉपीराइट तपासणारी यंत्रणा, कंटेंट आयडी, मूळ संगीत काही सेकंदांतही ओळखते. मग उत्पन्न हक्कदाराकडे जातं किंवा व्हिडिओच अडतो. म्हणून त्याच वळणाचं पण वेगळ्या सुरावटीचं संगीत कॉलेजातल्या कीबोर्डवाल्या मित्राकडून करून घ्या. पैसे मिळवायचा इरादा असेल तर वकिलाला एकदा स्क्रिप्ट दाखवा.

आता एआयने नटाचा हुबेहूब आवाज आणि चेहरा काढता येतो, तर तो वापरावा का, असं मला वारंवार विचारतात. माझं उत्तर ठाम नाही असं आहे. अनिल कपूर यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचं नाव, आवाज, चेहरा, अगदी 'झकास' म्हणण्याची लकबसुद्धा परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला मनाई केली. कायदा बाजूला ठेवला तरी या आवाजात आपल्या माणसाची मेहनत कुठेच नसते. मित्राने घसा ताणून केलेली नक्कल थोडी चुकते, आणि तिथे प्रेक्षकाला माणूस भेटतो.

चेष्टा कुणाची करायची हेही आधीच ठरवा. सिनेमाच्या बडेजावाची करा, नायकाच्या अतिशयोक्तीची करा, एका ठोशात हवेत उडणाऱ्या दहा गुंडांची करा. कुणाचं वजन, रंग, तोतरेपणा, जात, गावंढळ बोली यांवर हशा मिळवायचा असेल तर फिल्म करू नका. स्त्री-पात्रासाठी पुरुषाला साडी नेसवून वेळ मारून नेणंही सोडा. मालेगावात स्थानिक मुली काम करायला येत नसत म्हणून अभिनेत्री बाहेरून आणाव्या लागत, आणि त्यांनी त्या आणल्या.

कच्चा एडिट झाला की मूळ सिनेमा न पाहिलेल्या दोघांना दाखवा. आमच्या घरी हे काम मावशीकडे असतं. ती जिथे "हे कशाला?" म्हणते तिथला संदर्भ एकतर जास्त उघड करायचा किंवा काढायचा. आठ मिनिटांच्या वर गेलेली फिल्म पुन्हा कापायला घ्या.

यातून काम मिळतं का? मिळतं, पण बहुतेक वेळा दिग्दर्शनाचं नाही. विडंबन करणाऱ्याचा हात एडिटिंगमध्ये आणि संवादलेखनात लवकर तयार होतो, कारण दुसऱ्याची लय पकडायचा सराव झालेला असतो. जाहिराती, वेब मालिका, चॅनेलचे प्रोमो इथे अशी माणसं लागतात. कामासाठी कुणाला लिंक पाठवाल तेव्हा अख्खी फिल्म पाठवू नका. दीड मिनिटाचा एक तुकडा करा. तुमच्या वहीतले मूळ प्रसंगाचे शॉट-स्केच डाव्या बाजूला, तुमचा प्रसंग उजव्या बाजूला, दोन्ही सेकंदाला सेकंद जुळवून. खाली लिहा की यातलं लेखन कुणी केलं, कॅमेरा कुणी केला, आवाज कुणी केला. तुम्ही जे केलं त्याच्यापुढेच तुमचं नाव टाका आणि प्रत्येक मित्राचं नाव त्याला विचारून, त्याला हवं तसं लिहा.