गाडी रिच चालतेय? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं की कोरडी काजळी येते, ॲव्हरेज निम्म्यावर आलेलं असतं, सकाळी गाडी स्टार्ट केली की मागे उभं राहवत नाही. आणि मालकाच्या हातात खोक्यात घातलेला जुना ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) असतो. "मिस्त्री, हा बदलला, तरी तसंच आहे."

महिन्यातून चार-पाच गाड्या माझ्याकडे अशा रिच चालणाऱ्या, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त घेणाऱ्या, येतात. बहुतेक वेळा तो काढलेला सेन्सर चांगला असतो. वजनकाट्यावर वजन जास्त आलं म्हणून कोणी काटा फेकून देत नाही. पण गाडीत ऑक्सिजन सेन्सरने "पेट्रोल जास्त जळतंय" असं सांगितलं की पहिला बळी त्याचाच जातो.

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी ती नीट सांगतो.

स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) पी०१७२ हा कोड आला, तर त्याचा अर्थ "मिश्रण रिच आहे" एवढाच. सेन्सर खराब आहे असं तो कोड कुठेही म्हणत नाही. साधा ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये खेळतो. पेट्रोल जास्त असलं की वर जातो, कमी असलं की खाली येतो. इंजिन खरोखरच रिच चालत असेल तर तो ०.८५-०.९ वर बसून राहणारच. याला आपल्याकडे "सेन्सर अडकला" म्हणतात आणि नवा आणायला माणूस पाठवतात.

अडकलाय की नाही, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. इंजिन गरम असताना मॅनिफोल्डवरचा (इंजिनमध्ये हवा नेणाऱ्या भागावरचा) एखादा बारीक व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढा. बाहेरची हवा आत गेली की व्होल्टेज ०.१-०.२ वर पडलं पाहिजे. किंवा रेस देऊन एकदम सोडा. पेट्रोल कट होतं त्या क्षणी आकडा शून्याजवळ जातो. गेला, तर सेन्सर खरं बोलतोय. त्याला हात लावू नका.

आता वाईकडच्या एका शिक्षकांच्या गाडीची गोष्ट. २०१४ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. १८ चं ॲव्हरेज ११ वर आलेलं, चेक इंजिनचा दिवा मात्र बंद. आधीच्या ठिकाणी दोन ऑक्सिजन सेन्सर, प्लगचा सेट आणि इंजेक्टर क्लीनिंग एवढं झालं होतं. दोन्ही नवे सेन्सर चालवताना ०.८८ दाखवत होते. गॅरेजमध्ये उभी करून वीस मिनिटं आयडलिंगला ठेवली की सगळं व्यवस्थित. सर वैतागून म्हणाले, "तुमच्यासमोर आली की ही शहाण्यासारखी वागते हो."

डिसेंबरचा महिना होता. मी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी किल्ली ऑन करून इंजिन सुरू न करता बघितलं: कूलंट १७ अंश, आत येणाऱ्या हवेचं तापमानही १७. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. म्हणजे कूलंटचा सेन्सर ठीक. मग हायवेला काढली, एक पोरगा स्कॅनर घेऊन शेजारी. सत्तरच्या स्पीडला दहा किलोमीटर गेलो तरी कूलंट ४६ च्या वर चढेना. आणि स्कॅनरवर शेवटपर्यंत "ओपन लूप".

तिथेच उत्तर होतं. इंजिन थंड आहे असं दिसलं की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, जास्तीचं पेट्रोल देत राहतो. हेच ओपन लूप. सेन्सर बिचारा "जास्त होतंय" म्हणून ०.८८ दाखवत होता आणि ते ऐकून घेणारं कोणी नव्हतं. उभ्या गाडीला समोरून वारा नाही, म्हणून ती गरम व्हायची आणि शहाण्यासारखी वागायची.

थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं. इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्हच आत नव्हता. नुसती गॅस्केट लावून बोल्ट आवळलेले.

मग सरांना आठवलं. आदल्या उन्हाळ्यात गाडी गरम झाली होती, तेव्हा कोणीतरी "आपल्याकडे याची गरज नसते" म्हणून काढून टाकला होता. गाडी गरम का झाली होती? फॅनचा रिले अधूनमधून चिकटत नव्हता. तो तसाच होता.

८२ अंशाला उघडणारा थर्मोस्टॅट बसवला, रिले बदलला. दुसऱ्या टाकीला ॲव्हरेज १७ च्या पुढे गेलं. थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्या मिस्त्रींवर माझा खरोखर राग आहे. गरम हवामानाचा आणि थर्मोस्टॅटचा काही संबंध नाही. तो इंजिन लवकर गरम व्हावं आणि गरम राहावं म्हणून असतो, आणि इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचं सगळं गणित त्या तापमानावर बसवलेलं आहे.

कूलंटच्या सेन्सरबद्दल अजून एक. तो पूर्ण मेला किंवा वायर तुटली तर स्कॅनर उणे ४० दाखवतो आणि कोड येतो, ते सोपं. त्रास देतो तो कपलरमध्ये (वायरीच्या जोडणीत) धरलेला हिरवा गंज. त्याने रेझिस्टन्स थोडा वाढतो, इंजिन ८५ ला असताना ईसीएमला ६० दिसतं, आणि दिवा लागत नाही. कपलर काढा, आकडा उणे ४० वर गेला पाहिजे; दोन्ही पिना वायरीच्या तुकड्याने जोडा, १२० च्या वर गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम चांगले, मग खुशाल सेन्सर बदला. पण ओरिजिनल घ्या. दोनशे रुपयांचा डुप्लिकेट खोटे आकडे देतो आणि तुमचा पुढचा आठवडा खातो.

दुसरी चूक, फ्युएल ट्रिमचं (ईसीएम पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्या आकड्याचं) चिन्ह न बघणं. ट्रिम उणे असेल, म्हणजे उणे १५, उणे २०, तर ईसीएम पेट्रोल कमी करतोय. जास्तीचं कुठून तरी येतंय, ते शोधा. पण धूर काळा आणि ट्रिम मात्र अधिक २० असेल, तर ईसीएम स्वतःच पेट्रोल ओततोय, कारण त्याला कोणीतरी फसवतंय. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं. मिसिंगमध्येही (एखादा सिलिंडर नीट पेटत नसताना) तेच: न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, सेन्सर "लीन" म्हणतो. एक कॉइल मेलेली आणि लोक इंजेक्टर धूत बसलेले, हे मी कितीदा बघितलंय. नुसतं चिन्ह बघितलं असतं तर अर्धी वाट कळली असती.

सीएनजीच्या गाडीत हा गोंधळ दुप्पट. किटचं ट्यूनिंग लीन असलं की ईसीएम ट्रिम वाढवून ठेवतो, आणि पेट्रोलवर टाकली की तोच वाढीव हिशोब पेट्रोलला लागतो. अशी गाडी आली की मी आधी पेट्रोलवर पंधरा-वीस किलोमीटर फिरवतो आणि ट्रिम खाली सरकतोय का ते बघतो. सरकला, तर काम किटवाल्याकडे आहे.

मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) संशय असेल तर किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवून वाचा. तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६-८७. आयडलिंगला ३० ते ४०. आयडलिंगला ५५ दिसला तर सेन्सर काढू नका. आधी त्याचा पाइप चिरलाय का, टायमिंग घसरलंय का, ते बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बॅटरीची वायर काढून "रिसेट" करू नका. कोड, फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे), ट्रिम सगळं पुसलं जातं आणि आम्ही कोऱ्या पाटीवर बसतो.

जुन्या, रिटर्न लाइनवाल्या (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या) गाडीत प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून वास घ्या. आत पेट्रोल असेल तर डायफ्राम फाटलाय.

टाकी फुल केल्यावरच गाडी गुदमरत असेल, तर कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारा) बघा.

एअर फिल्टर आधी बघा. ज्या कामाला पैसे पडत नाहीत तेच लोक शेवटी करतात.

सेन्सरच्या आसपास साधं सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

ई२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. प्लग स्वच्छ, धूर नाही, ट्रिम जागेवर, तर गाडी रिच नाही.

नव्या पोरांना मी पहिला महिना पाना धरू देत नाही, वही धरायला लावतो. थंड इंजिनचे आकडे, गरमचे, हायवेचे. त्यांना कंटाळा येतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेल्यांना तर फार. पण वरच्या गाडीचा दोष जिथे सापडला तो आकडा गाडी चालताना लिहिलेला होता, उभ्या गाडीत तो दिसलाच नसता.

आणि काम झाल्यावर ऑइलची दांडी काढून वास घ्या. बरेच दिवस रिच चाललेल्या गाडीत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वर गेलेली दिसते. ते ऑइल तसंच ठेवलं तर गरम झाल्यावर पेट्रोलची वाफ ब्रीदरच्या पाइपातून परत मॅनिफोल्डमध्ये येते, ट्रिम पुन्हा उणे होतो, आणि तुम्ही दुरुस्त केलेली गाडी चार दिवसांनी परत दारात उभी राहते. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, प्लग साफ करा, मगच गाडी द्या.