मुलांना घेऊन रात्रभराच्या आकाशदर्शनाला जाताय? या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "या वर्षी मुलांना रात्रभराच्या आकाशदर्शनाला न्यायचंय, काय काय घेऊ?" मी सांगतो, लोक सगळं घेतातही. तरी माळावर दरवर्षी तेच होतं. स्वेटर पिशवीच्या तळाशी, पिशवी डिकीत, आणि शोधाशोध रात्री साडेअकरा वाजता, उजेड लावून. आकाशदर्शनाची तयारी सूर्य मावळायच्या आत संपली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

पहिली चूक घरीच होते: सुट्टी बघून तारीख ठरवणं. कॅलेंडरवर तिथी छापलेली असते, ती बघा. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. पौर्णिमेच्या आसपास तर चंद्र आणि मोजके ठळक तारे एवढंच हाती लागतं. मुलं बरोबर असतील तर मी अमावस्येनंतरचा शनिवार धरतो. तृतीया-चतुर्थीची कोर संध्याकाळी दुर्बिणीतून दाखवता येते, विवरं बघून मुलं खूश होतात, आणि जेवणं आटपेपर्यंत चंद्र मावळून आकाश काळंभोर होतं.

आता उजेड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी कर्जतच्या बाजूला एका माळावर आम्ही मुक्कामाला होतो. डिसेंबर, साठेक माणसं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा प्रचंड ढग) बघायला ती अर्धा तास रांगेत उभी होती आणि तिचा नंबर आला होता. शेजारी एक तरुण मुलगा संध्याकाळपासून कॅमेरा लावून देवयानी दीर्घिकेचे फोटो घेत बसला होता. तेवढ्यात माझ्या मेहुण्याला थंडी वाजली, म्हणून त्याने खिशातल्या खिशात गाडीचा रिमोट दाबला. चारही इंडिकेटर चमकले, हेडलाइट आपोआप लागले आणि अर्धा मिनिट तसेच जळत राहिले. बऱ्याच गाड्यांत ही सोय असते, मालकाला अंधारात गाडीपर्यंत जाता यावं म्हणून. मग डिकी उघडली, तिथला दिवा वेगळाच.

सगळा माळ ओरडला. मुलगी आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावून म्हणाली, "बाबा, काहीच दिसत नाहीये." तिला खरंच दिसत नव्हतं. अंधारात बघण्यासाठी लागणारं ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य डोळ्याच्या पडद्यात हळूहळू साठतं. चांगलं दिसू लागायला 20 ते 30 मिनिटं जातात, आणि प्रखर पांढऱ्या उजेडात ते काही क्षणांत मोडतं. म्हणजे साठ माणसांची अर्ध्या तासाची कमाई गेली. त्या फोटोवाल्या मुलाने एक शब्द काढला नाही. सामान उचलून तो माळाच्या दुसऱ्या टोकाला गेला. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. उजेड असतानाच गाडीतून सगळं बाहेर काढायचं, अगदी पाण्याची शेवटची बाटलीसुद्धा. गाडीच्या आतल्या आणि डिकीतल्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी. किल्ली खिशात ठेवायची नाही. ती चकलीच्या रिकाम्या डब्यात जाते आणि डबा बायकोच्या ताब्यात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने बांधायचे, कारण मंद लाल उजेडाने डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. मंद हा शब्द महत्त्वाचा. लाल म्हणून झगझगीत टॉर्च फिरवणारेही बघितलेत. मुलांच्या बुटांच्या तळव्यात लुकलुकणारे दिवे आहेत का, तेही घरीच तपासा.

फोनला लाल पडदा लावणारं ॲप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फोन उघडताना एकदा पांढरा चमकतोच. मुळात नवखी माणसं आकाशाकडे बघण्याआधी ॲपकडे बघतात, ते मला पटत नाही. त्यापेक्षा आधीच्या आठवड्यात गच्चीवरून मुलांना पाच गोष्टी ओळखायला शिकवा: मृग, व्याध, कृत्तिका, रोहिणी, शर्मिष्ठा. हात ताणून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली की मुंबई-पुण्याकडे दोन मुठींच्या उंचीवर ध्रुव सापडतो. आपला अक्षांश साधारण 19 अंश आणि एक मूठ साधारण 10 अंश, म्हणून. दक्षिणेला डोंगर आड नसेल तर अगस्तीचा ताराही जेमतेम तेवढाच वर चढतो. मुलांना हे मुठींचं माप फार आवडतं आणि त्याला बॅटरी लागत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे थंडीला कमी लेखणं. "मुंबईत कुठे थंडी असते?" म्हणत लोक एक शाल घेऊन येतात. पण तुम्ही माळावर चार तास न हलता उताणे पडणार असता. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव धरतं. दोनच्या सुमारास सतरंजी ओली, पांघरूण ओलं, मूल कुडकुडतंय, आणि 13-14 डिसेंबरची रात्र असेल तर मिथुन राशीतल्या उल्का तेव्हाच डोक्यावर! खाली ताडपत्री, वर जाड सतरंजी, त्यावर घोंगडी, अंगात दोन स्वेटर, पायमोजे, माकडटोपी. सगळ्यांत वर प्लॅस्टिकचा पातळ कागद, तोंड उघडं ठेवून. थंडी वाजायच्या आधी कपडे चढवायचे, वाजल्यावर नाही.

हेच दव दुर्बिणीच्या भिंगावरही धरतं. ते रुमालाने पुसू नका, चरे पडतात. काळ्या कार्डशीटची नळी करून पुढे लावली की बराच काळ निभावतं.

दुर्बिणीबद्दल सांगायचं तर आदल्या दिवशी खरेदी करून आणू नका. खोक्यावरचा 500 पटीचा आकडा विसरा. 60 मिलिमीटर व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीतून फार तर 120 पटीपर्यंत धड दिसतं. "काहीच दिसत नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या दुर्बिणीत बहुतेक वेळा दोनच गोष्टी चुकलेल्या असतात: फाइंडर (नेम धरायला वर बसवलेली छोटी दुर्बीण) जुळवलेला नसतो आणि सर्वांत जास्त पटीचा आयपीस लावलेला असतो. फाइंडर दिवसा लांबच्या टॉवरवर जुळवा (सूर्याच्या जवळपासही दुर्बीण नेऊ नका) आणि सुरुवात 25 मिलिमीटरच्या, म्हणजे कमी पटीच्या आयपीसने करा. खरं तर पहिली दोन वर्षं 7×50 ची (7 पट, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण, पुरते. एवढा धीर ज्यांना नसतो, त्यांच्या दुर्बिणी माळ्यावर पडून असतात.

तेजोमेघ डोळ्यांना करडाच दिसतो, फोटोसारखा गुलाबी नाही. हे मुलांना आधी सांगा, नाहीतर ती हिरमुसतात.

शेकोटी नको. स्पीकर तर नकोच.

डासांचं मलम लावल्यावर हात धुऊनच दुर्बिणीजवळ या. बूट झटकून घाला, विंचू असतात.

मुलांना दुपारी झोपवा. रात्री पुन्हा झोपली तर झोपू द्या, पण "उठवू का?" हे आधी विचारून ठेवा.

आणि पहाटे चारला निघू नका. तेव्हा उरलेली माणसं सर्वांत चिकाटीची असतात आणि हेडलाइट त्यांच्याच डोळ्यांत जातात. लवकर निघायचंच असेल तर संध्याकाळी येतानाच गाडी माळापासून लांब, रस्त्याकडे तोंड करून लावा, आणि पहाटे सामान हातात घेऊन तिथपर्यंत चालत जा.