या चुका टाळा: अत्यवस्थ मूल शांत झालं, म्हणून निश्चिंत होऊ नका

कॅज्युअल्टीत जोरात रडणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात. आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं, सुई टोचली तरी हात न ओढणारं मूल मात्र ‘शहाणं आहे हो’ म्हणून मागे राहतं. खरं तर आधी त्याच्याकडे जायला हवं. हात लावण्यापूर्वी दाराशी उभं राहूनच तीन गोष्टी बघा: मूल कसं दिसतंय, श्वासाला किती कष्ट पडतायत, त्वचेचा रंग कसा आहे. त्याला अर्धं मिनिट पुरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बीपीवर विसंबणं. शिकाऊ असताना मीही ती केली आहे. जुलाब झालेल्या मुलाचा बीपी ९० आला, तो केसपेपरवर लिहून मी पुढच्या पेशंटकडे वळलो. पाय गुडघ्यापर्यंत गार आहेत, हे सिस्टरांनी दाखवलं. मुलाचं शरीर शॉकमध्येही, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोहोचत नसतानाही, बराच वेळ बीपी सांभाळून धरतं: ठोके वाढवतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. १ ते १० वर्षांच्या मुलात वरचा बीपी ‘७० अधिक वयाची दुप्पट’ याखाली गेला, की हा सांभाळ संपला असं समजायचं. चार वर्षांच्या मुलात तो आकडा ७८. तिथवर थांबायचं नसतं. छातीवर बोट ५ सेकंद दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले, नाडी पळतेय, लघवी कमी झालीय, तर बीपी काहीही असो, हा शॉकच धरा. ताप आणि रडण्यानेही ठोके वाढतात हे खरं, पण ताप उतरल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय ‘तापामुळे असेल’ म्हणू नका.

श्वासाचंही तसंच. मिनिटाला ७० वेळा धापणारं बाळ अचानक ३० वर आलं, तर आधी त्याचा चेहरा बघा. सुस्त झालंय आणि स्टेथोस्कोपला हवा जेमतेम ऐकू येते? मग ते बरं होत नाहीये, दमलंय. मास्क-बॅगने श्वास द्यायची वेळ आली आहे. ऑक्सिजन लावलेला असताना सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९६ दिसतं, म्हणून फसू नका. आणि तान्ह्याची मान फार मागे वाकवू नका, श्वासनलिका दबते. खांद्याखाली छोटी घडी ठेवली की नाक छताकडे राहतं.

आता सलाइन. शॉक दिसला की बाटली मोकळी सोडायची सवय अजून गेलेली नाही. १० ते २० मिली प्रति किलो द्या, मग थांबून यकृत चाचपा, फुप्फुसांत घरघर येतेय का ऐका. यकृत वाढून बरगड्यांच्या खाली येत असेल तर हृदयच कमकुवत असण्याची शंका घ्या, सलाइन थांबवा. २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ तापाच्या मुलांवरचा फीस्ट अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झटपट बोलस (एकदम सोडलेला सलाइनसारखा द्रव) दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू सुमारे १०.५ टक्के होते, बोलस न दिलेल्यांत ७.३. त्या रुग्णालयांत अतिदक्षतेची सोय तुटपुंजी होती आणि जुलाबाची मुलं अभ्यासात नव्हती, हे खरं. तरी प्रत्येक बोलसनंतर पुन्हा तपासण्याची शिस्त कुठेही लागूच.

शिरेसाठी वीस मिनिटं टोचत बसू नका. अत्यवस्थ मुलात दीड मिनिटात शीर मिळाली नाही, तर गुडघ्याखाली नडगीच्या हाडात सुई घाला. त्याच रक्ताच्या थेंबावर साखर तपासा. झटके किंवा गुंगी असलेल्या मुलात हीच तपासणी सर्वाधिक विसरली जाते. कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाइन), ५ मिली प्रति किलो.

वजन नुसत्या नजरेने ठरवू नका. मोजणं शक्य नसेल तर उंचीवरून वजनाचा अंदाज देणारी टेप वापरा, तीही नसेल तर वयात ४ मिळवून दुप्पट करा: तीन वर्षांचं मूल साधारण १४ किलो. अ‍ॅड्रेनलिनचा डोस मोठ्याने बोला, दुसऱ्याकडून मोजून घ्या. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट औषध जातं.