उलुरूला जाताय? माला वॉक चुकवू नका

ऑस्ट्रेलियात उलुरूला, म्हणजे वाळवंटातल्या त्या प्रचंड लाल खडकाला, कॅम्पिंगचा बेत असेल तर महागडी टूर बुक करण्याआधी पार्कच्या रेंजरसोबतची माला वॉक, म्हणजे खडकाच्या पायथ्याची पायी फेरी, करून घ्या. पार्कचं तिकीट काढलं की हिचे वेगळे पैसे पडत नाहीत. वाट सपाट, जाऊन-येऊन जेमतेम 2 किलोमीटर, त्यामुळे आईबाबांनाही झेपते. वाटेत अनांगू (इथले मूळ रहिवासी) बायकांची स्वयंपाकाची गुहा लागते, पुढे मुलांना शिकवायची गुहा, तिच्या भिंतीवर चित्रं. एकटे गेलात तर नुसते खडक दिसतात. रेंजर सांगतो तेव्हा कुठे उलगडा होतो. काही पवित्र जागी फोटोला मनाई आहे, तिथल्या पाट्या वाचा. (उलुरूवरची चढाई 26 ऑक्टोबर 2019 पासून बंदच आहे. बरंच झालं.)

पार्कात तंबू ठोकता येत नाही, मुक्काम बाहेर युलारा गावात करावा लागतो. म्हणून लवकर निघा. वॉकची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

उन्हाळ्यात तोंडावरून घ्यायची जाळी हवीच. माश्या चावत नाहीत, पण थेट डोळ्यांत आणि नाकात शिरतात. जून-जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, त्यांचा त्रास कमी, मात्र रात्री कडाक्याची थंडी पडते. स्लीपिंग बॅग जाड घ्या.