विष्णूचं नाव हातांवरून ओळखा

नाशिकच्या सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या संग्रहालयात किंवा सिन्नरला गोंदेश्वराच्या देवळात गेलात आणि चार हातांची विष्णुमूर्ती दिसली, तर पाटी वाचायच्या आधी हात पाहा. संध्यावंदनातली केशव, नारायण, माधव ही विष्णूची चोवीस नावं आयुधांच्या क्रमावरून ठरतात. सुरुवात मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून (म्हणजे आपल्या डावीकडून), मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा आले की केशव. शंख आणि गदेची अदलाबदल झाली की तोच त्रिविक्रम! हात तुटलेला असेल तर पायाशी वाकून बघाच. गदेचा बुडखा पुष्कळदा पादपीठावर टेकलेला सापडतो. पद्म कधी नुसतं तळहातावर कोरलेलं असतं, तेही निसटू देऊ नका.